सीए फायनल: चौथा अटेम्प्ट तीन मार्कांनी गेला. सप्टेंबरला बसू का?

उचंत_खाते
८ जुलै २०२५, रात्री १:४०

इथे चार वर्षं नुसती वाचते आहे, बहुतेक पाककृती आणि गडकिल्ले. लिहायला म्हणून आयडी आज काढला. आयडीवरून धंदा कळला असेल. नसेल कळला तर सांगते: ताळा जुळत नसला की फरकाची रक्कम तात्पुरती ज्या खात्यात ढकलून ठेवतात ते उचंत खाते. सध्या माझा मुक्काम तिथेच आहे.

रविवारी सीएचे निकाल लागले. फायनलमध्ये तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. माझा ग्रुप २ गेल्या वर्षी मेमध्येच निघाला. ग्रुप १ अडकलाय. यावेळचे मार्क: एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ४१, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ६२, ऑडिट ४४. बेरीज १४७. हवे होते १५०. ज्यांचा या परीक्षेशी संबंध नाही त्यांच्यासाठी नियम असा की प्रत्येक पेपरला किमान ४० पाहिजेत आणि शिवाय ग्रुपची बेरीज निम्मी पाहिजे. म्हणजे मी एकाही विषयात नापास नाही, आणि तरी नापास आहे. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "तीन मार्कांसाठी अडवतात होय गं? मिरजेच्या बाजारात भाजीवालासुद्धा वर चार काड्या कोथिंबीर घालतो."

पण मला विचारायचंय ते मार्कांबद्दल नाही.

२ मेला एफआर होता. पावणेदोनला पेपर हातात येतो, पंधरा मिनिटं नुसता वाचायचा, दोनला लिहायला सुरुवात. मी पहिला प्रश्न वाचला. कन्सॉलिडेशनचा, म्हणजे मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करायचा. परत वाचला. शब्द ओळखीचे होते, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच लागेना. कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायला लागलं. दोन वाजले आणि हॉलमधले सगळे कॅल्क्युलेटर एकदम सुरू झाले. नियमात कॅल्क्युलेटर आवाज न करणारा हवा असं लिहिलंय. पन्नास जण एकदम बटणं दाबायला लागले की काय आवाज होतो ते नियम लिहिणाऱ्याने ऐकलेलं नसावं. पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मला वाटलं, सगळ्यांना येतंय. अडीचला माझ्या उत्तरपत्रिकेवर फक्त रोल नंबर होता. शेवटी १४ मार्कांचा एक अख्खा प्रश्न लिहायचा राहिला, जो मला घरी झोपेतही येतो.

तेव्हापासून रात्री तीनला जाग येते. गजर नाही, काही नाही, टक्क जाग. निकालानंतर तर सकाळी उठूच नये असं वाटतं. नोकरी फेब्रुवारीत सोडली होती परीक्षेसाठी, साठवलेले पैसे नवी पेठेतली खोली आणि अभ्यासिका यांत संपत आलेत. आईने लग्नाच्या बायोडेटावर "सीए फायनल अपिअरिंग" असं छापून घेतलंय, त्या कागदाची ही तिसरी आवृत्ती.

सप्टेंबरचा फॉर्म भरायला मोजकेच दिवस आहेत. एफआर ३ सप्टेंबरला, म्हणजे आजपासून ५७ दिवस. बसू की जानेवारीला जाऊ? आणि हॉलमध्ये असं कोरं होणं आणखी कुणाचं झालंय का? झालं असेल तर पुढच्या वेळी काय केलंत?

---

भुसावळ_पॅसेंजर
८ जुलै, सकाळी ७:१२

अगं, एएफएमला ६२ म्हणजे एग्झम्प्शन आहे की! रडण्याच्या नादात बघितलंस तरी का? साठ किंवा वर मिळाले की तो पेपर पुढचे तीन अटेम्प्ट द्यावा लागत नाही आणि ते ६२ बेरजेत तसेच धरतात. म्हणजे तुला आता दोनच पेपर आणि त्यात मिळून ८८, दोन्हीत चाळीसच्या वर. या वेळी अर्धा तास वाया घालवून ८५ आलेत. १४ मार्कांचा प्रश्न सोडून ८५. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिही.

ग्रुप २ राहिलेल्यांसाठी थोडं अवांतर: जमत असेल तर दोन्ही ग्रुप एकदम द्या. मला ग्रुप १ ला १४३ होते. ग्रुप २ ला १६४. एकूण ३०७, सगळ्या पेपरांत चाळीसच्या वर, म्हणून दोन्ही निघाले. एकटा ग्रुप १ दिला असता तर मीही आज तुझ्यासारखा धागा काढून बसलो असतो.

---

नानाकाका_सोलापूर
८ जुलै, सकाळी ९:३०

बाळ, मी १९८९ साली पाचव्या प्रयत्नात सीए झालो. त्यानंतर पस्तीस वर्षांहून अधिक काळ प्रॅक्टिस केली. एकाही क्लायंटने "काका, तुम्हाला किती अटेम्प्ट लागले" असे विचारले नाही. सगळे "फी जरा जास्त होतेय" एवढेच म्हणतात. तीन मार्क म्हणजे काहीच नाही. फॉर्म भर आणि बस. आमच्या वेळी ना मोबाईल होता ना यूट्यूबवरचे क्लास. एका मास्तरांच्या झेरॉक्स नोट्सवर आम्ही तिघे अभ्यास करायचो, रात्री दोनपर्यंत. तुम्हा मुलांना सगळे हाताशी आहे, फक्त धीर कमी पडतो.

---

चहा_कटिंग
८ जुलै, सकाळी १०:०५

नानाकाका, आदर आहेच, पण "धीर कमी पडतो" हे वाक्य या धाग्यावर नको होतं. मुलगी तीन वाजता जागी होतेय.

आणि एक लक्षात घ्या. अशा धाग्यांवर कोण लिहितं? पाचव्यात झालेला लिहितो, नवव्यात झालेला लिहितो. आठ देऊन सोडलेला लिहीत नाही. दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांचे निकाल बघा: मे २०२३ ला ८.३३ टक्के, नोव्हेंबर २०२३ ला ९.४२, मे २०२४ ला १९.८८, नोव्हेंबरला १३.४४, आणि आत्ता मेमध्ये १८.७५. बाकीचे ऐंशी-नव्वद टक्के कुठे जातात? त्यांचे अनुभव वाचल्याशिवाय "बसच" किंवा "सोडच" असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

(यंदा देशात पहिला आलेला मुलगा आपल्या छत्रपती संभाजीनगरचा, ६०० पैकी ५१६. त्याचं मनापासून अभिनंदन. पण रविवारपासून घराघरांत त्याचा फोटो फॉरवर्ड होतोय आणि १४७ वाल्यांच्या जेवणाच्या ताटासमोर ठेवला जातोय. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.)

---

दोनाचा_पाढा
८ जुलै, दुपारी १२:४८

+१ चहा_कटिंग.

उचंत, माझंही या वेळी गेलं, ग्रुप २. तुझं हॉलमध्ये कोरं झालं, माझं हॉलच्या बाहेर. ८ मेला डायरेक्ट टॅक्सचा पेपर देऊन आलो, घरी टीव्हीवर भारत-पाकिस्तान संघर्षाच्या बातम्या, सायरन आणि ड्रोन. मग कळलं की ९ पासूनचे सगळे पेपर पुढे ढकललेत. माझ्या ओळखीतल्या एकाचं सेंटर जालंधरला होतं, त्याच्याकडे रात्री अख्ख्या शहराचे दिवे बंद. त्यामुळे पेपर ढकलले याबद्दल तक्रार करायची लाज वाटते. पण डोक्याचं काय झालं ते सांगतो. इनडायरेक्ट टॅक्सचं सगळं १० तारखेच्या हिशोबाने कोंबलेलं होतं. नवीन तारखा कधी जाहीर होणार माहीत नाही. वाचू की झोपू? मी धड दोन्ही केलं नाही, बातम्या बघत बसलो. जास्तीचे दिवस मिळाले म्हणून लोक मला नशीबवान म्हणत होते. पेपरला गेलो तेव्हा इनपुट टॅक्स क्रेडिटची कलमं डोक्यातून धुतल्यासारखी गेलेली. ३७ आले.

---

लातूरची_आई
८ जुलै, दुपारी ३:२०

मी काही अकौंटवाली नाही, माझा मुलगा सीए करतो. त्याचाही रविवारी रिझल्ट होता. झाला नाही. तो काही बोलत नाही म्हणून मी हे सगळे वाचत बसते. मला एवढेच विचारायचे आहे की आईने काय बोलावे. "होईल रे पुढच्या वेळी" म्हटले तर चिडतो. काही नाही बोलले तर म्हणतो, तुम्हाला काही वाटतच नाही. परीक्षेच्या महिन्यात मी कुकरच्या शिट्ट्या मोजून घेते, मिक्सर तो आंघोळीला गेला की लावते. नात्यात लग्न असले की आम्ही दोघेच जाऊन येतो, कारण तिथे प्रत्येकजण विचारतो. खरे सांगायचे तर मलाही त्या प्रश्नाची भीती वाटायला लागली आहे. परवा मैत्रिणीला मी खोटेच सांगितले, निकाल अजून लागायचा आहे म्हणून.

---

भुसावळ_पॅसेंजर
८ जुलै, दुपारी ३:४१

काकू, माझी आई निकालाच्या दिवशी काहीच बोलली नव्हती. संध्याकाळी म्हणाली, "दळण आणायचंय, डबा उचल." मी उचलला. मला त्या दिवशी तेवढंच झेपणार होतं.

---

डॉ_पारिजात
८ जुलै, रात्री ९:५५

मी मानसोपचाराची डॉक्टर आहे. धाग्यावर निदान करता येत नाही, म्हणून सर्वसाधारणच लिहिते. पण उचंत_खाते, आधी एक सरळ प्रश्न. "सकाळी उठूच नये असं वाटतं" हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्याचा अर्थ दमलेय इतकाच आहे, की जगू नये असं मनात येतं? प्रश्न अवघड वाटला तरी उत्तर दे, इथे किंवा मला निरोपातून. आणि ज्याच्या कुणाच्या मनात तसं येत असेल त्याने १४४१६ वर फोन करावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

हॉलमधल्या प्रकाराबद्दल. छाती धडधडणं, कानात आवाज, वाचलेलं न कळणं ही तीव्र भीतीची लाट असते. ती साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचते आणि मग आपोआप उतरते. तुझा अर्धा तास का गेला? माझा अंदाज, लाट उतरल्यावरही तू त्याच प्रश्नाकडे बघत बसलीस आणि "हे काय होतंय मला" या विचाराने तिला परत वर चढवलंस. अशा वेळी अवघड प्रश्न पुन्हा पुन्हा वाचण्यात अर्थ नसतो. पाय जमिनीवर नीट टेकायचे, श्वास घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, आणि हाताला काहीतरी यांत्रिक काम द्यायचं: समास आखणं, प्रश्न क्रमांक टाकणं.

तयारीही त्याच वेळेला करायची. तुमचा पेपर दुपारी दोन ते पाच. बरेच जण रात्री जागून वाचतात आणि दुपारी झोपतात, म्हणजे परीक्षेच्या नेमक्या वेळेला शरीराला झोपायची सवय लावतात. रात्री दोनपर्यंत वाचलेलं नीट बसायला झोपच लागते (नानाकाका, माफ करा).

अजून एक. परीक्षेच्या दिवसांत मित्रमंडळींत "धडधड कमी करायची" गोळी हातोहात फिरते. दुसऱ्याची गोळी घेऊ नका. दमा असणाऱ्याला त्यातली एखादी चांगलीच महागात पडू शकते.

---

नानाकाका_सोलापूर
८ जुलै, रात्री १०:२०

डॉक्टर, माफी कसली. रात्री दोनपर्यंत जागून मी चारदा नापास झालो, हे मी वर लिहिले नव्हते. पाचव्या वेळी वडील आजारी होते म्हणून दहाला दिवे बंद व्हायचे.

---

व्हाउचर_हरवले
९ जुलै, सकाळी ६:३३

चहा_कटिंग यांनी सोडलेल्यांना बोलावलं म्हणून लिहितो. मी तो बाकीच्या टक्क्यांतला. इंटर (फायनलच्या आधीची परीक्षा) झालो, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) पूर्ण केली, फायनलचे सात अटेम्प्ट दिले, ग्रुप १ कधीच निघाला नाही. सगळ्यात जवळ आलो ते १९६ वर, तेव्हा ग्रुपला चार पेपर असायचे आणि २०० लागायचे.

सातव्यानंतर मी सोडलं असं लोक म्हणतात. खरं तर आठव्याचा फॉर्म भरायला बसलो आणि पैसे भरायच्या पानावर पोचल्यावर लॅपटॉप बंद केला. मोठा विचार वगैरे काही नव्हता. आता चाकणजवळ एका मध्यम कंपनीत अकाउंट्स बघतो, हाताखाली चार माणसं. त्यातला एक सीए आहे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ताळेबंदावर सही करायला बाहेरचा सीए येतो आणि आकडे सगळे मी तयार केलेले असतात. पहिली दोन वर्षं ते टोचायचं. आता फक्त मार्चअखेरीला टोचतं.

उचंत, तू सोडावंस असं मी म्हणत नाही. ८८ पाहिजेत, तू बस. पण एक गोष्ट आधीच ठरवून ठेव: किती वेळा. मी ती कधी ठरवली नाही. प्रत्येक निकालानंतर "आता फक्त चार मार्क" म्हणून पुढचा फॉर्म भरला. १९६ नंतर मी पुढच्या अटेम्प्टला १७४ वर आलो, कारण मला वाटलं होतं की आता थोडंच राहिलंय. जवळून हुकल्यावर माणूस अभ्यास बदलत नाही, तोच परत करतो.

---

टिपण_वही
९ जुलै, सकाळी ११:१५

कुणीतरी रीचेकिंग सुचवायच्या आत लिहून टाकते. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मार्क वाढवून मिळत नाहीत. पडताळणी होते ती बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढीच. नियम ३९(४). याच नियमासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीत आयटीओला, सीए इन्स्टिट्यूटच्या मुख्यालयासमोर, मुलं रस्त्यावर उतरली होती.

पण पडताळणीपेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रत मागव. मी तिसऱ्या अटेम्प्टनंतर ऑडिटची मागवली होती. स्वतःचं अक्षर पाहून लाज वाटली, ते एक. दुसरं, मला वाटत होतं की माझं एसए (ऑडिटची मानकं) कच्चं आहे म्हणून मार्क जातात. तसं काही नव्हतं. मी प्रत्येक उत्तरात प्रश्नच परत लिहून काढत होते, अर्धं अर्धं पान. केस दिली आहे, तर निष्कर्ष काय आणि कशाच्या आधारे, हे शेवटच्या दोन ओळींत घाईघाईने. पुढच्या वेळी उलटं लिहिलं आणि ३८ वरून ५५.

आणि एफआरची सुरुवात कन्सॉलिडेशनने करायची हे तुला कुणी सांगितलं? एमसीक्यू, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न, आधी. ३० मार्क आहेत, गोल रंगवायचे आहेत, हात चालतो. डॉक्टर म्हणतात ते यांत्रिक काम तिथेच मिळेल.

---

लीड्सकर
९ जुलै, सायंकाळी ५:४०

मी इकडे इंग्लंडात एसीसीए केलं, सीएसारखीच अकाउंटन्सीची परीक्षा. तेरा पेपर, पण एकेक सुटा देता येतो, पन्नास मिळाले की तो पेपर संपला, बेरजेची अट नाही. वर्षातून चार वेळा परीक्षा. ताण नाही असं नाही, सुट्या सुट्या हप्त्यांत येतो इतकंच. तुमच्या त्या बेरजेच्या नियमाबद्दल ऑफिसात सांगितलं तर एक सहकारी म्हणाला, म्हणजे तिन्ही पेपर पास आणि परीक्षा नापास? मी हो म्हटलं. त्याने मला पुन्हा विचारलं.

---

उचंत_खाते
१० जुलै, रात्री ११:०५

सगळ्यांचं वाचलं. काहींचं तीन-चारदा.

डॉक्टर, निरोपात सविस्तर लिहिलंय. इथे इतकंच की जीव द्यावासा वाटत नाही, दिवस सुरू व्हावा असं वाटत नाही. तुम्ही सांगितलंत तसं इथल्या एका समुपदेशकांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. आईला सांगितलं. तिला वाटलं होतं मी क्लासबद्दल बोलतेय.

व्हाउचर_हरवले, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी माझ्या तिन्ही जुन्या वह्या काढल्या. खरंच तोच अभ्यास तीनदा केलाय. तेच पिवळं हायलायटर, त्याच ओळींवर.

फॉर्म भरला. सप्टेंबर आणि लागलाच तर जानेवारी, त्यानंतर नाही. हे कागदावर लिहून आजीकडे दिलंय, कारण ती विसरत नाही. उत्तरपत्रिकेची प्रतही मागवते.

लातूरच्या काकू, तुमच्या मुलाला मिक्सर चालतो असं सांगा. मला तरी ती शांतताच जास्त सोसत नाही. घरी गेले की सगळे कुजबुजतात, मला आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं.

---

दोनाचा_पाढा
११ जुलै, दुपारी १:३०

मीपण भरला. पण मला कुणीतरी सांगा, वर्षातून तीनदा परीक्षा हे चांगलं झालं की वाईट? पूर्वी फायनल मे आणि नोव्हेंबर. यंदापासून जानेवारी, मे, सप्टेंबर. सगळे म्हणतात संधी वाढली. पण निकाल जुलैत आणि परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नापास झाल्याचं धड कळायच्या आत फॉर्म.

---

टिपण_वही
११ जुलै, दुपारी २:०२

चांगलं. सहा महिने घरी बसून सगळ्यांचे चेहरे बघण्यापेक्षा चार बरे. मी नोव्हेंबर ते मे असे दोन हिवाळे काढलेत, पुन्हा नको.

---

चहा_कटिंग
११ जुलै, दुपारी २:३६

एक-दोन पेपर राहिलेत त्यांना चांगलं. सहाच्या सहा पेपर नव्याने करायचेत त्यांना दोन महिन्यांत काय होणार? आणि घरच्यांना हे कळत नाही. पूर्वी "पुढचा मेमध्ये" म्हटलं की निदान दिवाळी सुखाची जायची. आता बाबा म्हणतात, सप्टेंबर आहे ना, बस की. जणू एसटी आहे, ही चुकली तर मागची पकड.

---

नानाकाका_सोलापूर
११ जुलै, दुपारी ४:१०

नोकरी करत परीक्षा देणाऱ्यांना एक सूचना. यंदा इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आहे. टॅक्स ऑडिट ३० सप्टेंबरला आहेच. म्हणजे परीक्षेच्या तोंडावरच ऑफिसात सर्वात जास्त गर्दी. सुट्टी आजच लेखी मागून ठेवा, ऑगस्टअखेर तुमचा प्रिन्सिपल, म्हणजे ज्याच्या हाताखाली आर्टिकलशिप करता तो सीए, फोनही उचलणार नाही. मी स्वतः प्रिन्सिपल आहे, म्हणून सांगतो. परवा मी माझ्या दोन्ही मुलांना, म्हणजे आर्टिकलना, बोलावून परीक्षेच्या सुट्टीच्या तारखा विचारल्या. इतकी वर्षे त्यांनीच येऊन मागायची पद्धत होती. एकाला तर वाटले काढून टाकतोय.

---

उचंत_खाते
१७ ऑगस्ट, रात्री १०:१५

मध्ये लिहायला जमलं नाही. प्रत आली. टिपण_वही, तुझं अगदी बरोबर. एफआरच्या पहिल्या दोन पानांवर अक्षर माझं वाटतच नाही, आणि तिसऱ्या पानापासून माझं आहे. तिसऱ्या पानापासून मार्क पण आहेत.

अभ्यास आता दुपारी दोन ते पाच, घड्याळ लावून. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू आहे. आधी कापूस घालून बसायचे. मग समुपदेशक म्हणाल्या, कानात कापूस घालून परीक्षेला जाणार आहेस का? आता खिडकी उघडी ठेवून पेपर सोडवते. कन्सॉलिडेशन आणि नाशिक ढोल यांचा मेळ बसायला आठवडा लागला. इन्स्टिट्यूटच्या शाखेतल्या मॉक टेस्टलाही जाऊन आले. तिथे कॅल्क्युलेटरचा पाऊस सुरू झाल्यावर पोटात खड्डा पडलाच, पण एमसीक्यूचे गोल रंगवत राहिले. चौथ्या-पाचव्या गोलानंतर प्रश्न वाचता यायला लागला.

तीनची जाग अजून येते. रोज नाही.

---

लातूरची_आई
१८ ऑगस्ट, सकाळी ८:००

मुलाला मिक्सरचे सांगितले. म्हणाला, मग शेंगदाण्याची चटणी कर. दोन महिन्यांनी काहीतरी मागितले. त्याचा ग्रुप १ आहे.

---

उचंत_खाते
८ सप्टेंबर, सायंकाळी ७:५०

झाले दोन्ही. आज ऑडिट होता.

३ तारखेला एफआरला पावणेदोनला पेपर हातात आला आणि पुन्हा तेच. शिट्टी, धडधड, सगळं. मला वाटलं होतं एवढं सगळं केल्यावर या वेळी होणार नाही. झालं. फरक इतकाच की मला ते ओळखीचं होतं. पेपर उलटा ठेवला, दोन वाजेपर्यंत पाय टेकून बसले, मग एमसीक्यू. घड्याळात बघितलं तर दोन वाजून बारा मिनिटांनी नीट वाचता येत होतं. कन्सॉलिडेशन शेवटी केलं, ताळा जुळला नाही, फरक तसाच दाखवून पुढे गेले (हो, उचंत खात्यात टाकला. हसा).

एएफएमचा पेपर ६ ला होता, अनंत चतुर्दशीला, तो मला नव्हता. नाहीतर विसर्जनाच्या दिवशी नवी पेठेतून सेंटरला कशी पोचले असते कोण जाणे. ५ च्या संध्याकाळीच हडपसरला मावशीकडे गेले. मिरवणूक काल, दुसऱ्या दिवशीही, चालूच होती, तिथे थांबले असते तर ऑडिटचं काही खरं नव्हतं. मावशीच्या सोसायटीत एकच आवाज, वरच्या मजल्यावरचं बाळ. त्याच्यासोबत एसए ७०० मालिका वाचून काढली.

---

भुसावळ_पॅसेंजर
८ सप्टेंबर, रात्री ८:०५

शाब्बास! किती येतील वाटतं? ८८ होतात ना?

---

टिपण_वही
८ सप्टेंबर, रात्री ८:०७

ए, निकालापर्यंत हा प्रश्न नाही.

---

उचंत_खाते
८ सप्टेंबर, रात्री ८:३०

नाही मोजणार, भुसावळ. सोमवारपासून दोन महिन्यांसाठी एका ऑफिसात काम मिळालंय, टॅक्स ऑडिटच्या गर्दीत त्यांना माणूस हवाच होता. जानेवारीचं ठरवलंय तेच.

एक व्यवहाराचं. नवी पेठेतल्या अभ्यासिकेतली माझी खुर्ची ३० सप्टेंबरपर्यंत भरलेली आहे. इथे कुणाचा ग्रुप २ असेल आणि जागा हवी असेल तर सांगा, पैसे नकोत.

---

दोनाचा_पाढा
८ सप्टेंबर, रात्री ८:३४

मला! परवापासून माझे पेपर, आणि घरी पाहुणे अजून गेलेले नाहीत. खुर्ची पंख्याखाली आहे का?

---

उचंत_खाते
८ सप्टेंबर, रात्री ८:४१

पंख्याखाली आहे, पण पंखा तीनवर ठेवला की कागद उडतात. दोनवर ठेव. ड्रॉवरमध्ये एक दगड आहे, तो राहू दे तिथेच, वापर.